सेकंडहँड बोट आणि बिघडलेलं इंजिन : या चुका टाळा

"बोट झकास आहे, फक्त इंजिनाचं थोडं काम आहे." या एका वाक्यावर भुलून लोक इसार देऊन मोकळे होतात आणि मग मिस्त्री शोधत फिरतात. काम खरंच थोडं असतं, तर मालकानेच ते करून घेतलं असतं आणि चढ्या भावाने बोट विकली असती.

मालकाचं निदान खरं मानणं

सगळ्यात महागात पडणारी चूक हीच. माझ्या ओळखीच्या एकाने समुद्रात वापरलेली, पेट्रोल इनबोर्डची, म्हणजे आत बसवलेल्या इंजिनाची, बोट घेतली. "कार्ब्युरेटर साफ केला की सुरू होईल," एवढ्या शब्दावर व्यवहार झाला. स्टार्टर मारला की इंजिन एक आचका देऊन अडकायचं. कार्ब्युरेटर साफ झाला, बॅटरी बदलली, तरी तेच. शेवटी मी स्पार्क प्लग काढायला लावले. एक प्लग गंजून लाल झाला होता. स्टार्टर फिरवताच त्या भोकातून खाऱ्या पाण्याची चिळकांडी उडाली. एक्झॉस्टचा रायझर, म्हणजे धूर वर नेणारा नळ, आतून गंजून फुटला होता आणि इंजिन थंड करणारं पाणी तिथून सिलिंडरमध्ये उतरत होतं. पिस्टनच्या रिंगा चिकटल्या होत्या, सिलिंडरला खड्डे पडले होते. इंजिन नवीनच घ्यावं लागलं. घेण्याआधी प्लग काढून पाहिले असते, तर हे तेव्हाच दिसलं असतं.

म्हणून प्लग काढून कॉम्प्रेशन, म्हणजे सिलिंडरमध्ये तयार होणारा दाब, मोजल्याशिवाय मी पैशाचा विषयच काढत नाही. आकडा किती, यापेक्षा सगळे सिलिंडर एकमेकांच्या जवळ आहेत का ते पाहतो. 10 टक्क्यांपेक्षा जास्त तफावत असली, तर इंजिन उघडावं लागणार असं धरून चालतो. शेजारच्या दोन सिलिंडरांचा दाब सारखाच कमी असेल, तर संशय हेड गॅस्केटवर, म्हणजे हेड आणि ब्लॉकमधल्या पॅकिंगवर. डिझेलचं कॉम्प्रेशन मोजायला वेगळा गेज लागतो. ते मेकॅनिकलाच करू द्या. मालक प्लग काढू देत नसेल, तर मी तिथूनच परत फिरतो.

तापलेलं इंजिन बघणं

मी येण्याआधी इंजिन सुरू करू नका, असं मालकाला बजावून ठेवा. पोचल्याबरोबर ब्लॉकला हात लावा. कोमट लागला तर दुसऱ्या दिवशी या. खरी दुखणी थंड इंजिन सुरू होतानाच कळतात. निळा धूर म्हणजे ऑइल जळतंय. काळा म्हणजे इंधन जास्त किंवा हवा कमी. तापल्यावरही पांढरा धूर थांबत नसेल, तर आत पाणी जात असण्याची शक्यता मोठी.

बोट जमिनीवर असेल, तर पाणी जोडल्याशिवाय इंजिन चालवू नका. पाणी खेचणाऱ्या पंपाचा इम्पेलर, म्हणजे आतलं रबरी चक्र, कोरडा फिरला की बघता बघता जळतो. "दोन सेकंदांनी काय होतंय" म्हणणारे उतावीळ लोक मला बोटीजवळ नकोच असतात.

बाकीच्या चुका, थोडक्यात

ऑइल तपासायची डिपस्टिक न काढणं. दुधाळ ऑइल म्हणजे त्यात पाणी.

आउटबोर्डचं, म्हणजे बोटीच्या मागे बाहेर टांगलेल्या इंजिनाचं, गिअर ऑइल न बघणं. खालचा स्क्रू जरा सैल करा. तिथेही दुधाळ दिसलं, तर सील गेलंय.

टाकीतल्या जुन्या पेट्रोलवर इंजिन चालवून बघणं.

पेट्रोल बोटीत मोटारगाडीचा स्टार्टर किंवा अल्टरनेटर चालवून घेणं. इथे तडजोड नाही. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असते, ती बोटीच्या तळाशी साठते आणि मोटारगाडीच्या स्टार्टरची ठिणगी उघडी असते. स्फोट होतो.

फक्त इंजिनाचा हिशोब करणं

आउटबोर्ड ज्या ट्रान्समवर, म्हणजे बोटीच्या मागच्या फळीवर, टांगलेलं असतं, त्याच्या आतलं लाकूड कुजलेलं असेल, तर नवं इंजिन लावून उपयोग काय? इनबोर्ड ज्यावर बसवतात त्या माउंटखालच्या आडव्या-उभ्या पट्ट्यांचंही तेच. मी हलक्या हातोडीने ठोकत जातो. टणक आवाज हवा. भदभद आवाज आला की तिथले बोल्ट फिरवून पाहतो. तपकिरी पाणी झिरपलं तर सौदा सोडतो.

भाव ठरवताना इंजिन मेलेलंच आहे असं समजा. बोटीची किंमत, नवं इंजिन आणि ते बसवायची मजुरी मिळून चालू बोटीपेक्षा स्वस्त पडत असेल, तरच पुढे बोला. इनबोर्ड असेल तर टेप घेऊन जा आणि इंजिन वरच्या झाकणातून बाहेर निघतं का ते मोजा. काही बोटींत इंजिन काढायचं म्हणजे आधी डेक कापावा लागतो आणि तो खर्च मालक कधीच सांगत नाही.