नावाच्या कॉलेजला पैसे किती मोजायचे : सातारा-सांगलीकडच्या घरांसाठी

कॉलेजच्या नावानं करिअर होतंय का, ह्याला एका शब्दात उत्तर देणारा माणूस बहुतेक कुठल्यातरी क्लासची जाहिरात करत असतोय. नाव कुठं विचारतात आणि कुठं ढुंकूनही बघत नाहीत ते प्रत्येक लाइनीत वेगळं आहे. म्हणून सीईटीचा निकाल लागला की सांगलीचं वालचंद, कराडचं गव्हर्नमेंट, पुण्याचं सीओईपी अशी इंजिनिअरिंग कॉलेजांची नावं एकमेकांच्या अंगावर फेकायच्या आधी पोराला नाहीतर पोरीला पुढं काय करायचंय ते निदान अंदाजे तरी ठरवून घ्या, सगळा हिशोब तिथूनच सुरू होतोय.

एमपीएससी, यूपीएससीला कुठल्याही मान्यताप्राप्त विद्यापीठाची डिग्री चालते, विषय संपला. विश्वास नांगरे पाटील आपल्याच शिराळा तालुक्यातल्या कोकरूडचे, शिवाजी विद्यापीठातून बीए, आणि १९९७ च्या बॅचचे आयपीएस. पोरगं खरंच अधिकारी व्हायचं म्हणत असेल तर पुण्यात महागडी डिग्री आणि वर पेठेतली रूम, क्लास, मेस असा डबल खर्च कशाला, डिग्री सांगलीच्या विलिंग्डनला नाहीतर साताऱ्याच्या छत्रपती शिवाजी कॉलेजला करा आणि वाचलेले पैसे पुढच्या अभ्यासाच्या वर्षांसाठी ठेवा, ती वर्षंच खरी महाग पडतात. सीएचंही तसंच, परीक्षा सगळ्या देशाला एकच, बीकॉम कुठून केलं कोणी विचारत नाही, पण आर्टिकलशिप, म्हणजे सीएच्या हाताखालची उमेदवारी, कुठल्या फर्ममध्ये केली ते मात्र विचारतात, त्यामुळं पुण्या-मुंबईला जायचंच असेल तर तेव्हा जा.

डॉक्टरकीत सरकारी सीट मिळालं की डोळे झाकून घ्या, कारण फी. मिरजेला येणारा पेशंट एमडी आहे का, सर्जन हाताला कसा आहे एवढंच विचारतोय. वकिलीत दोन वाटा आहेत. मुंबईच्या मोठ्या लॉ फर्म राष्ट्रीय विधी विद्यापीठांतून पोरं उचलतात, तिथं नाव लागतंच. पण सांगलीच्या कोर्टातच उभं राहायचंय तर सनद सगळ्यांना सारखीच, चांगला सिनियर मिळाला म्हणजे झालं.

आता राहिलं इंजिनिअरिंग आणि एमबीए, घरोघरी भांडणं होतात ती ह्याच्यावरच. इथं नावाला किंमत आहे. कंपन्या सगळ्या कॉलेजांत जात नाहीत, ठरलेल्या यादीतल्या कॉलेजांत जातात, आणि यादीत नसलेल्या कॉलेजातलं पोरगं कितीही हुशार असलं तरी त्या दिवशी त्या हॉलमध्ये नसतंयच. शिकवण्यात जमीन-अस्मानाचा फरक असतोय असं मात्र समजू नका. शीतल सेखरी ह्या अर्थतज्ज्ञ बाईंनी भारतातल्या नामांकित सरकारी कॉलेजांवर अभ्यास केला, तो २०२० ला छापून आला. कटऑफच्या अगदी जरा वर असलेली पोरं आत गेली, जरा खाली असलेली राहिली, म्हणजे दोघं जवळपास सारखीच, तर शेवटच्या परीक्षेत दोघांच्या मार्कात फरक नाही पण पगार आत गेलेल्यांचा जास्त. म्हणजे पगार वाढला तो नावामुळं, ज्ञानामुळं नाही. ऐकायला वाईट वाटतंय, पण आहे हे असं आहे.

अमेरिकेतला एक जुना अभ्यास लोक ह्याच्या उलटं सांगायला वापरतात. स्टेसी डेल आणि ॲलन क्रूगर ह्यांनी २००२ मध्ये दाखवलं की मोठ्या कॉलेजांत ज्यांचा नंबर लागण्यासारखा होता पण जी लहान कॉलेजात गेली, त्यांची पुढची कमाई सरासरी तेवढीच निघाली. ‘पोरगं महत्त्वाचं, कॉलेज नाही’ हे वाक्य तिथून येतंय. पण त्याच अभ्यासात एक गोष्ट होती ती कोणी सांगत नाही, गरीब घरातल्या पोरांना मोठ्या कॉलेजचा फायदा झालाच. आणि राज चेट्टी वगैरेंनी २०२३ मध्ये तिथल्या सगळ्यात वरच्या बारा कॉलेजांचा हिशोब काढला, तर सरासरी कमाईत फार फरक नाही, पण नामांकित कंपनीत नोकरी लागायची शक्यता जवळजवळ तिप्पट.

माझं मत ह्याच्यावरूनच बनलंय. ज्याचे काका कंपनीत मॅनेजर, मामा पुण्यात बिल्डर, त्याला कुठलंही कॉलेज चालतं, त्याचा बायोडेटा जेवणाच्या टेबलावरच पुढं जातो. तासगाव नाहीतर माणकडच्या शेतकऱ्याच्या पोराला ओळख कुठनं येणार, त्याची ओळख म्हणजे कॉलेजचं नाव आणि तिथले सिनियर. त्यामुळं ‘आपल्यासारख्यांना काय करायचंय मोठं कॉलेज’ म्हणणाऱ्या पाहुण्यांचं अजिबात ऐकू नका, आपल्यासारख्यांनाच ते जास्त उपयोगी पडतंय.

फक्त नाव खरं आहे का ते तपासा, कारण पुण्याच्या आसपास नुसता बोर्ड मोठा असलेली कॉलेजं ढीगभर आहेत आणि पत्त्यात पुणे आहे एवढ्यावर आपली माणसं वर्षाला दोन-दोन लाख भरतात. पेपरातली ‘हायेस्ट पॅकेज’वाली पानभर जाहिरात बाजूला ठेवा. एनआयआरएफ हे केंद्र सरकारचं रँकिंग आहे, त्यात भाग घेणारं कॉलेज आपली माहिती भरून देतं आणि ती पीडीएफ बघायला मिळते. त्यात किती पोरं वेळेत पास झाली, किती प्लेस झाली, किती पुढं शिकायला गेली आणि मीडियन पगार किती, हे तीन वर्षांचं असतंय. मीडियन म्हणजे सगळ्यांना पगाराप्रमाणं ओळीनं उभं केलं तर मधल्याला किती मिळतोय. समजा ६० पोरांचा वर्ग, प्लेस झाली २५, त्यातल्या ५ जणांना २० लाख आणि २० जणांना ४ लाख. कॉलेज सांगणार सरासरी ७ लाख २० हजार, आणि खोटंही नाही ते. पण मीडियन ४ लाखच, आणि ३५ पोरं तर हिशोबातच नाहीत. तुमचं पोरगं पहिल्या पाचात असेल असं धरून कर्ज काढू नका, मधलं असेल असं धरून काढा. एनआयआरएफमध्ये कॉलेज नसेल तर प्लेसमेंट ऑफिसला सरळ ब्रँचप्रमाणं आकडे मागा, टाळाटाळ झाली तर समजून जा.

दर्जा तपासून मिळणारी मानांकनं दोन, नॅक पूर्ण कॉलेजचं असतंय, एनबीए एकेका ब्रँचचं असतंय, गेटवर बोर्ड लावलाय म्हणून तुमच्या ब्रँचला आहे असं नसतं, विचारा. आणि गेल्या वर्षी पास झालेली दोन पोरं गाठा, टॉपर नको, साधी. लिंक्डइनवर सापडतात, नाहीतर गावात कोणाचं तरी कोणीतरी असतंयच. कुठली कंपनी आली, किती घेतले, ऑफर लेटर दिल्यावर जॉइनिंग खरंच मिळालं का, एवढं विचारा. हे शेवटचं जरा जोर देऊन विचारा.

पैशाचं बघू. १० लाखाचं कर्ज, १० टक्के व्याज, १० वर्षं मुदत धरली तर महिन्याचा हप्ता १३,२०० च्या आसपास जातोय. मीडियन पगार हातात ३० हजार येणार असेल आणि पुण्यात राहायचं असेल तर पोरगं उसाच्या बिलाकडं डोळे लावून बसणार. आधी सवलती बघा. घरचं उत्पन्न ८ लाखाच्या आत असेल तर टीएफडब्ल्यूएसच्या सीटला ट्यूशन फी माफ असते, अशा सीट थोड्या असतात आणि कटऑफ वर जातो तरी फॉर्ममध्ये टाका. राजर्षी शाहू महाराज शिष्यवृत्ती महाडीबीटी ह्या राज्य सरकारच्या साइटवर आहे, आणि २०२४-२५ पासून ८ लाखाच्या आतल्या ईडब्ल्यूएस, एसईबीसी, ओबीसी मुलींना व्यावसायिक कोर्सची ट्यूशन आणि परीक्षा फी पूर्ण माफ झालीय, त्यामुळं पोरीला फीच्या कारणानं जवळचं कॉलेज द्यायचा मुद्दाच राहत नाही. कर्जच लागलं तर पीएम-विद्यालक्ष्मी बघा, त्यात तारण आणि जामीनदार लागत नाही, पण योजना निवडक चांगल्या संस्थांनाच आहे आणि ती यादी एनआयआरएफवरून ठरते. म्हणजे कर्जाला पण नाव लागतंय बघा.

माझा ढोबळ हिशोब असा, सीओईपी, व्हीजेटीआयसारखं सरकारी आणि खरं नाव असेल तर घर सोडा, पोरगं रडलं तरी पाठवा. वालचंद किंवा कराड मिळत असेल तर पुण्याच्या मधल्या फळीतल्या खाजगी कॉलेजसाठी ते सोडू नका. वालचंद १९४७ चं, कराडचं १९६० चं, एवढ्या वर्षांचे माजी विद्यार्थी कंपन्यांत बसलेत, ते बोर्ड रंगवून मिळत नाही. आणि दोन्हीकडचं मधलंच कॉलेज असेल तर सरळ घराजवळचं घ्या, डबा घरचा, एसटीचा पास, वाचलेल्या पैशात लॅपटॉप येतोय.

घराजवळचं घेतलं म्हणून दार बंद होत नाही, फक्त पहिलं दार स्वतः उघडावं लागतं. टीसीएसची एनक्यूटी ही भरतीची परीक्षा कुठल्याही कॉलेजच्या पोराला देता येते आणि निंजा, डिजिटल, प्राईम ह्या चढत्या पगाराच्या नोकऱ्यांपैकी कुठली मिळणार ते तिथल्या कामगिरीवर ठरतं. गेट ही एमटेकची प्रवेश परीक्षा दिली तर स्कोअर ३ वर्षं चालतो, त्याच्यावर आयआयटीत एमटेक मिळतंय, महिना १२,४०० स्टायपेंड आणि नाव आयआयटीचं, चार वर्षं उशिरा का होईना. पण तयारी तिसऱ्या वर्षापासूनच, शेवटच्या सेमिस्टरला पुस्तकं घेऊन काही होत नाही.

फॉर्म भरताना एवढं करा. सीईटी सेलच्या साइटवर गेल्या वर्षीचे कटऑफ आहेत, ते कॅटेगरीप्रमाणं काढून घ्या. पसंतीक्रम खऱ्या आवडीनं लावा, वरचं मिळणार नाही म्हणून खालचं वर आणू नका, न मिळणारं कॉलेज वर टाकल्यानं खालचं जात नाही. उलट पहिल्या फेरीत पहिल्याच पसंतीचं लागलं (पुढच्या फेऱ्यांत वरच्या आणखी काही पसंतींपैकी) की ते आपोआप फ्रीज होतं, म्हणजे सीट पक्कं, मग बेटरमेंट म्हणजे पुढच्या फेरीत वरचं मागायची सोय नाही, म्हणून पहिल्या नंबरला नेट कॅफेवाल्याच्या सांगण्यावरून काहीही टाकू नका. नियम दरवर्षी थोडे हलतात, माहितीपुस्तिका स्वतः वाचा. आणि उत्पन्नाचा दाखला, नॉन-क्रिमिलेयर, डोमिसाइल मे महिन्यातच काढून ठेवा, जूनमध्ये सेतूत उभं राहायला जागा नसते.