इंची लेथवर मेट्रिक आटे पाडताना हाफ नट उघडू नका

माझा जुना ब्रिटिश लेथ रामबागेतल्या घरामागच्या खोलीत आहे. लीडस्क्रू (टूल धरणारी कॅरेज पुढे सरकवणारा लांब स्क्रू) ८ टीपीआयचा, म्हणजे एका इंचात ८ आटे. येणारं काम मात्र जवळजवळ सगळं मेट्रिक. इंची मशीनवर मेट्रिक चूडी (आटे) निघत नाही, असं इंदुरात कितीदा तरी ऐकलंय. ते चूक आहे. निघते, आणि नटात नीट बसते. उदाहरणाला एम१० × १.५ घेऊ, म्हणजे व्यास १० मिमी आणि पिच (दोन आट्यांमधलं अंतर) १.५ मिमी.

गिअरचा हिशेब सोपा आहे. १ इंच म्हणजे बरोबर २५.४ मिमी, म्हणून ५ इंच म्हणजे १२७ मिमी. १२७ ही मूळ संख्या असल्याने गिअरलाही तितकेच दात लागतात. ८ टीपीआयला पिचची ४० पट दातांचा गिअर स्टडवर (स्पिंडलकडून फिरणाऱ्या खुंटीवर) आणि १२७ चा लीडस्क्रूवर: १.५ ला ६०, १.२५ ला ५०, १ ला ४०. मध्ये कोणताही आयडलर (नुसता जोडणारा गिअर) चालतो. अडचण एकच. २० डीपीत (व्यासाच्या दर इंचाला २० दात) १२७ दातांचा गिअर साडेसहा इंचांच्या आसपास होतो आणि लहान लेथचं कव्हर लागत नाही. तेव्हा ६३ चा गिअर करून घ्या. ६३ आणि ३० चालवणारे, ८० आणि ५० चालणारे. पिच १.५००२ येतो, १०० मिमी लांबीत चूक साडेबारा मायक्रॉनची. आटे पाडलेल्या स्टडला, बोल्टला एवढ्याने काही होत नाही.

टूल ६० अंशांचं घासा. जुन्या लेथबरोबर मिळालेलं तयार टूल बहुधा व्हिटवर्थचं, ५५ अंशांचं असतं. गेज लावून बघितल्याशिवाय वापरू नका. आटे संपतात तिथे पार्टिंग टूलने ३ मिमी रुंद खाच काढा, आट्यांच्या तळापेक्षा किंचित खोल. कंपाउंड (टूलखालची तिरकी लावता येणारी स्लाइड) २९.५ अंशांवर.

आता जिथे काम बिघडतं ते. हाफ नट, म्हणजे कॅरेजला लीडस्क्रूशी जोडणारा दोन भागांचा नट, एकदा लावला की शेवटचा कट होईपर्यंत उघडायचा नाही.

इंची आट्यांना आपण डायल (हाफ नट कधी लावायचा ते दाखवणारी चकती) बघून हाफ नट उघडतो, कॅरेज हाताने मागे आणतो आणि तोच आकडा आला की पुन्हा लावतो. तीच सवय घेऊन मी शेजारच्या पिठाच्या गिरणीचा स्टड करायला बसलो. दोन कट सुरेख झाले. तिसऱ्याला टूल नेमकं आट्याच्या माथ्यावर उतरलं, आणि एका आट्याच्या जागी दोन बारीक कड्या उभ्या राहिल्या. डायल इंच मोजते आणि एका इंचात १.५ चे १६.९३ आटे बसतात. टूल पुन्हा त्याच आट्यांत यायला लीडस्क्रूच्या हिशेबाने साडेसात इंच जावे लागतात, म्हणजे १९०.५ मिमी, १२७ आटे. त्यामुळे डायलवर खूण करून ठेवा वगैरे सल्ले ऐकू नका.

करायचं ते असं. टूल खाचेत आलं की मोटर बंद, क्रॉस स्लाइड (टूल आत-बाहेर नेणारी) एक पूर्ण फेरा बाहेर. चक (जॉब पकडणारा) पूर्ण थांबू द्या. सिंगल फेज मोटर फिरत असताना रिव्हर्स दिला तरी ती त्याच दिशेने पळत राहते आणि टूल जॉबच्या खांद्यावर (जाड भागाच्या कडेवर) आदळतं. थांबल्यावर रिव्हर्स, आणि जॉबच्या टोकाच्या ५–६ मिमी पलीकडे जा. एवढी जागा सोडली नाही तर गिअरची आणि नटाची ढिलाई पुढच्या कटाच्या सुरुवातीला निघते आणि पहिले दोन आटे जाड राहतात. मग क्रॉस स्लाइड शून्यावर, कंपाउंडने नवा कट.

चक आट्यांवर बसणारा असेल तर टूल जॉबमध्ये असताना रिव्हर्स मुळीच नको, चक सुटून येतो. खांद्याजवळच्या छोट्या आट्यांना मी मोटर वापरतच नाही. स्पिंडलच्या मागच्या टोकाला हँडल बसवतो, पट्टा ढिला करतो, प्लग भिंतीतून काढतो (हँडल लावलेलं असताना मोटर सुरू झाली तर हात जाईल) आणि हाताने फिरवतो. टूल खाचेत उतरलं की मनगटाला कळतं, ओढ एकदम हलकी होते.

पहिला कट नुसता ओरखडा. पट्टी लावून मोजा: १० आट्यांना १५ मिमी. नाही भरले तर गिअर चुकला. नंतर ५ थाउ (थाउ म्हणजे इंचाचा हजारावा भाग), मग ३, शेवटी १. एकूण कंपाउंडवर साधारण ४२ थाउ, म्हणजे सरळ खोली ०.९२ मिमी. तेल सढळ हाताने.

चाळीस थाउच्या पुढे प्रत्येक कटानंतर बर (कडेला राहिलेली धातूची किस) काढून नवा नट लावून बघा. सियागंज बाजारातून आणलेला कोरा नट त्यासाठीच वेगळा ठेवलेला असावा, मशीनवरून काढलेला झिजका नट कुठल्याही आट्यावर चढतो. नट हाताने शेवटपर्यंत गेला आणि डुगडुगला नाही, की हाफ नट उघडा.