ऑफिसची सायकल रविवारी शर्यतीला कशी न्यावी

सोमवार ते शनिवार ऑफिस, भाजी, मुलीची शिकवणी. आणि थंडीत एखाद्या रविवारी सकाळी सात वाजता टेकडीवर क्रॉस-कंट्रीची शर्यत. माझी एकच सायकल ही दोन्ही कामं करते. २९ इंची चाकांची हार्डटेल, म्हणजे पुढे सस्पेन्शन आणि मागे काही नाही. "शर्यतीला वेगळी सायकल घ्यावी लागेल का?" असं कोणी विचारलं की मी उलट विचारतो, "तुझ्या पंपाला मीटर आहे का?" कारण हजारो रुपयांच्या सुट्या भागांनी जेवढा फरक पडत नाही, तेवढा टायरमधल्या हवेने पडतो.

क्रॉस-कंट्री म्हणजे डोंगरावरून जीव मुठीत धरून खाली सुटणं नव्हे, तो डाउनहिल प्रकार वेगळा. इथे सगळे एकदम सुटतात आणि साधारण ४ ते ६ किलोमीटरच्या वळसेदार वाटेवर फेऱ्या मारतात. जागतिक पातळीवर शर्यत सव्वा-दीड तास चालते, हौशी गटाला फेऱ्या कमी असतात. १९९६ साली अटलांटाला हा प्रकार ऑलिंपिकमध्ये आला. यात सर्वात जास्त वेळ जातो चढावर, म्हणून सायकल आधी चढासाठी जुळवायची आणि उताराचं मग बघायचं.

सीट

तयारीला आठवडाभर आधी लागा. शर्यतीच्या सकाळी सीट हलवली की तिसऱ्या फेरीला गुडघा बोलायला लागतो. भिंतीला टेकून सायकलवर बसा, पॅडल सर्वांत खाली आणा आणि त्यावर टाच ठेवा. पाय पूर्ण सरळ व्हायला हवा, पण कंबर एका बाजूला कलता कामा नये. आता पावलाचा पुढचा भाग पॅडलवर ठेवला की गुडघ्यात आपोआप थोडा बाक येतो. झाली उंची. आपल्याकडे बहुतेक सायकली सीट फार खाली ठेवून चालवल्या जातात, सिग्नलला पाय टेकावा म्हणून. गर्दीत ते ठीक, पण चढावर मांड्या पेटतात. मी सीटच्या दांड्यावर इलेक्ट्रिशियनच्या चिकटपट्टीच्या दोन खुणा केल्यात: वरची ऑफिसची, खालची टेकडीची. दांड्यावर कोरलेली किमान खोलीची रेघ मात्र बाहेर दिसता कामा नये.

ब्रेकचे दांडे

उतारावर एकाच बोटाने ब्रेक दाबता आला पाहिजे, बाकीची बोटं हँडल पकडायला. दांडे आतल्या बाजूला सरकवा, म्हणजे तर्जनी बरोबर दांड्याच्या टोकावर पडेल, आणि असे कलते करा की मनगट मोडलेलं न राहता कोपरापासून बोटापर्यंत सरळ रेषा येईल. त्यांचे स्क्रू अगदी आवळून टाकू नका. पडलात तर दांडा मोडण्याऐवजी फिरला पाहिजे.

हवा

रस्त्याकडेच्या पंक्चरवाल्या दादांकडे गेलात की ते टायर दगडासारखा होईपर्यंत हवा भरतात आणि वर अंगठ्याने दाबून "एकदम टाइट" म्हणतात. डांबरी रस्त्याला ते चालून जातं. मुरमावर आणि सुट्या गोट्यांवर असा टायर चेंडूसारखा उड्या मारतो, पकड सुटते, आणि चढावर मागचं चाक जागच्या जागी फिरतं. हवेचा दाब पीएसआयमध्ये मोजतात, आणि अंगठ्याला ३० आणि ४० पीएसआयमधला फरक कळत नाही. मीटर असलेला उभा पंप घ्याच.

माझं वजन ६८ किलो, टायर सव्वादोन इंच रुंद, आत साधी ट्यूब. आठवडाभर मी ४० ठेवतो. टेकडीवर पुढे २६, मागे २८. तुमचा आकडा वेगळा येईल. तो असा शोधा: ३० पासून सुरुवात करा, ओळखीच्या दगडाळ उतारावर एक चक्कर मारा, दोन पीएसआय कमी करा, पुन्हा तोच उतार. चाकाची धातूची कड दगडाला लागल्याचा टण्ण आवाज आला की दोन पीएसआय परत भरा. तिथे थांबा.

पहिल्या शर्यतीला मी हे केलं नव्हतं. "हवा कमी म्हणजे पकड जास्त" एवढंच ऐकून गाडी लावल्या जागी अंदाजाने फुस्स करून मोकळा झालो. दुसऱ्या उतारावर एका धारदार दगडावर मागचं चाक आपटलं आणि बसलं. ट्यूब काढून पाहिली तर शेजारीशेजारी दोन बारीक चिरा. सायकलवाले याला स्नेकबाइट म्हणतात. दगड आणि कड यांच्यात ट्यूब चिमटली होती. त्यात माझ्याकडे पंपही नव्हता. अडीच किलोमीटर सायकल ढकलत आणली.

पावसाळा सरला की टेकड्यांवर सराटे वाळून पडलेले असतात, आणि बाभळीचे काटे तर बारमाही. ट्यूबलेस करून आत सीलंट ओतलं तर यातली बरीच भोकं आपोआप बुजतात आणि हवाही आणखी थोडी कमी ठेवता येते. फक्त आपल्या उन्हात सीलंट लवकर सुकतं, दोन-तीन महिन्यांनी तपासायचं. टायर हलवून पाहा, आत डुचमळलं नाही तर संपलं.

पंक्चर कुणालाच चुकत नाही. २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये ब्रिटनच्या टॉम पिडकॉकचं पुढचं चाक ऐन शर्यतीत बसलं. त्याने चाक बदललं, अर्ध्या मिनिटाहून जास्त पिछाडी भरून काढली आणि शेवटच्या फेरीत फ्रान्सच्या व्हिक्टर कोरेत्स्कीला मागे टाकून सुवर्ण घेतलं. त्याच्यासाठी मेकॅनिक चाक घेऊन उभा होता. आपल्यासाठी कोणी नसतं, म्हणून ट्यूब, दोन टायर लिव्हर (टायर कडेवरून उचकटायच्या पट्ट्या) आणि छोटा पंप सीटखाली. घरी एकदा घड्याळ लावून ट्यूब बदलून बघा.

सस्पेन्शन

फोर्क, म्हणजे पुढचं चाक धरणारा सस्पेन्शनचा चिमटा, हवेवर चालणारा असेल तर शर्यतीच्या कपड्यांत, बाटलीसकट सायकलवर अलगद बसा. बसण्याआधी दांड्यावरची रबरी रिंग खाली सरकवा. उतरल्यावर ती किती वर गेली ते पट्टीने मोजा. १०० मिलिमीटर दबणाऱ्या फोर्कला २० ते २५ मिलिमीटर हवं. अंतर कमी आलं तर हवा सोडा, जास्त आलं तर शॉक पंपाने हवा भरा. टायरचा पंप इथे चालत नाही. स्प्रिंगचा स्वस्त फोर्क असेल तर वरची खुंटी थोडी फिरवण्यापलीकडे काही करता येत नाही, त्यात वेळ घालवू नका.

चेन

जुना बनियन घ्या, चेन त्यात धरा आणि पॅडल उलटं फिरवत राहा, कापडाला काळं लागायचं कमी होईपर्यंत. मग आतल्या बाजूने प्रत्येक कडीवर एक थेंब तेल, दहा मिनिटं थांबा, आणि वरवरचं सगळं पुसून टाका. तेल कड्यांच्या आत हवं. बाहेर राहिलं तर मुरमाची लाल धूळ चिकटून त्याची पॉलिश पेपरसारखी पेस्ट होते आणि दाते खाते. हे आदल्या रात्री करा. तेलाचा फवारा मात्र डिस्कच्या आसपासही नको: ब्रेकला तेल लागलं की ते नुसते ओरडतात, थांबवत नाहीत.

त्याच रात्री स्टँड, घंटी, मडगार्ड, कुलूप उतरवा. मग सायकल वीतभर उचलून जमिनीवर सोडा. खडखड झाली तर काहीतरी सैल आहे. ते सापडेपर्यंत झोपू नका.

शर्यतीच्या सकाळी

तासभर आधी पोहोचा आणि एक फेरी सावकाश मारून या. कुठला चढ वळणानंतर अचानक समोर येतो ते बघून ठेवा, कारण गिअर चढ लागायच्या आधी हलका करायचा असतो. चढावर जोर लावत गिअर बदलला की कडाड आवाज येतो आणि कधीकधी चेनच तुटते. अरुंद वाटेवर मागून कोणी "उजवीकडून!" ओरडलं तर रुंद जागा येताच वाट द्या. तो बहुधा पुढच्या गटातला असतो, त्याच्याशी तुमची स्पर्धाच नाही.

रविवारी संध्याकाळी सायकल धुवा, पण गाड्या धुणाऱ्या जोराच्या फवाऱ्याने नको, पाणी बेअरिंगमध्ये शिरतं. बादली आणि फडकं पुरे. सीट ऑफिसच्या खुणेवर, घंटी जागेवर, हवा पुन्हा ४०. मी एकदा हवा भरायची विसरलो आणि सोमवारी विद्यापीठ चौकापर्यंत रस्ता इतका जड का लागतोय, याचाच विचार करत पॅडल मारत होतो.