डुकरांना लायसिन देताय? या चुका टाळा

मका आणि सोयापेंडीच्या खाद्यात डुकरांना सगळ्यात आधी कमी पडतं ते लायसिन, म्हणजे प्रथिनं ज्यांपासून बनतात त्यातलं एक अमिनो आम्ल. म्हणून ते वेगळं आणून घालणं योग्यच. पण पावडर घालूनही काटा हलत नसेल, तर आधी हिशेब तपासा.

गोणीवरचं लेबल न वाचणं ही पहिली चूक. पावडर दोन प्रकारची येते: लायसिन हायड्रोक्लोराइडमध्ये शुद्ध लायसिन सुमारे 78% असतं, सल्फेटमध्ये साधारण 50 ते 55%. समजा, 25 ते 50 किलोच्या डुकरांसाठी 100 किलो खाद्य करायचंय. त्यात पचणारं लायसिन 0.98 किलो लागतं. 70 किलो मक्यातून मिळतं जेमतेम 0.13 किलो, 27 किलो चांगल्या सोयापेंडीतून 0.70 किलो. बाकी 3 किलो खनिजं, मीठ वगैरे. तूट राहिली 150 ग्रॅमची. ती भरायला हायड्रोक्लोराइड 190 ग्रॅम लागेल, 55 टक्क्यांचं सल्फेट 270 ग्रॅम. पेंड करपट वासाची, गडद तपकिरी असेल तर हा हिशेब धरू नका. जादा भाजल्याने तिच्यातलं लायसिन साखरेशी बांधलं जातं आणि डुकराला लागू होत नाही.

पेंड महागली की ती निम्म्यावर आणून लायसिन वाढवायचं, ही याहून महागात पडणारी चूक. लायसिनची भर पडते, पण मग थ्रिओनिन, मिथिओनिन, ट्रिप्टोफॅन ही बाकीची अमिनो आम्लं कमी पडतात आणि वाढ तिथेच अडते. लायसिन 100 धरलं तर पचणारं थ्रिओनिन 60 ते 65, मिथिओनिन आणि सिस्टीन मिळून 55 ते 60, ट्रिप्टोफॅन 17 ते 20 हवं. ट्रिप्टोफॅन घटलं की डुकरं खाणंच कमी करतात. मिथिओनिन मात्र अंदाजाने कधीच टाकू नका, जास्त झालं तरी भूक मरते.

190 ग्रॅम पावडर थेट 100 किलोच्या ढिगावर टाकली तर एका घमेल्यात सगळी, दुसऱ्यात काहीच नाही. आधी 1 किलो बारीक भरड्यात हाताने कालवा, मग 10 किलोत, मग सगळ्यात.

दिवसातून एकदाच खाद्य टाकत असाल तर दोन-तीन वेळांत विभागा. सुटं लायसिन लवकर शोषलं जातं. पेंडीतली प्रथिनं पचून येईपर्यंत ते वाया गेलेलं असतं. आणि लायसिन घातलेलं खाद्य रात्रभर भिजत ठेवू नका. आंबताना जिवाणू ते खाऊन टाकतात. भिजवायचंच असेल तर भरडा भिजवा, लायसिन खाद्य टाकायच्या वेळी मिसळा.