ऑक्टाव्हिया १.८ टीएसआय रिमॅप करण्याआधी गिअरबॉक्स बघा

रिमॅप (इंजिनाच्या कॉम्प्युटरमधला मॅप, म्हणजे सेटिंग, बदलून ताकद वाढवणं) म्हटलं की सगळे इंजिनाबद्दल बोलतात. स्कोडाच्या या गाडीचं १.८ लिटर टर्बो पेट्रोल इंजिन दणकट आहे, पण आधी मर्यादा येते ती गिअरबॉक्सची. भारतात ही गाडी ७ स्पीड ड्राय क्लच डीएसजीसोबत (दोन क्लचचा ऑटोमॅटिक गिअरबॉक्स) आली. त्या गिअरबॉक्सची क्षमता २५० न्यूटन-मीटर टॉर्क (फिरवण्याचा जोर) पेलण्याची, आणि कंपनीचं इंजिन मुळातच २५० न्यूटन-मीटर देतं. म्हणजे शिल्लक काहीच नाही! म्हणून ट्यूनरला (रिमॅप करणाऱ्याला) आकडा किती वाढेल हे विचारू नका. कमी आरपीएमवर टॉर्क हळूहळू चढवणारा मॅप मागा. अचानक उसळणारा टॉर्क क्लच खातो. शिवाय वरच्या गिअरमध्ये १५०० आरपीएमवर पूर्ण पेडल दाबलं तर सिलिंडरमध्ये इंधनाचा अवेळी स्फोट होऊन पिस्टनला इजा होऊ शकते.

मॅप ९५ ऑक्टेनचा असेल तर कायम तेवढ्याच किंवा त्याहून वरच्या ऑक्टेनचं पेट्रोल भरा. त्यात काटकसर नको. वॉरंटी शिल्लक असेल तर मी थांबायलाच सांगेन.

ऑइल मात्र मनावर घ्या. कंपनी १५,००० किलोमीटर सांगते; रिमॅप केलेल्या गाडीत मी ७,५०० ला बदलतो, व्हीडब्ल्यू ५०२ ०० (फोक्सवॅगनचं ऑइल मानक) दर्जाचंच. दर हजार किलोमीटरला डिपस्टिक बघतो. कूलंटचा काटा ९० वर आला तरी ऑइल अजून थंडच असतं, तेव्हा पहिली दहा मिनिटं सौम्य चालवा. खंबाटकी दणकून चढलात तर थांबण्याआधी शेवटचे दोन-तीन किलोमीटर शांतपणे काढा, टर्बोला निवू द्या.