मोटारसायकलवरचे जादा दिवे, चार्जर आणि हॉर्न: स्वतंत्र फ्यूज बॉक्सची जोडणी

घोडबंदर रोडने रोज ये-जा करणाऱ्याच्या मोटारसायकलवर आधी मोबाइलचा चार्जर येतो, पहिल्या पावसाळ्यानंतर गायमुखच्या अंधाऱ्या वळणांसाठी जादा दिवे येतात, मग मोठा हॉर्न येतो, आणि प्रत्येक वस्तूबरोबर बॅटरीच्या टर्मिनलवर एकेक थिंबल (वायरीच्या टोकाला बसवायचे धातूचे कडे) वाढत जाते. माझ्या गाडीवर अशी चार थिंबले एकाच स्क्रूखाली दाटीवाटीने बसवलेली होती. जुलैतल्या एका रात्री तो स्क्रू खड्ड्यांच्या हादऱ्यांनी सैल झाला आणि दिव्यांसह अख्खी गाडीच बंद पडली. बॅटरीपासून एकच जाड वायर काढून ती सीटखालच्या छोट्या फ्यूज बॉक्समध्ये न्यावी आणि तेथून प्रत्येक उपकरणाला त्याच्या स्वतंत्र फ्यूजमधून वीज द्यावी, ही पद्धत मी त्यानंतर स्वीकारली. अर्धा दिवस हाताशी असल्यास हे काम घरच्या पार्किंगमध्ये करता येते.

पान्याला हात लावण्यापूर्वी कागदावर हिशेब करावा. वॅटला १२ ने भागले की अँपिअर मिळतात. २० वॅटच्या दोन एलईडी दिव्यांना सुमारे ३.३ अँपिअर लागतात. १८ वॅटचा जलद चार्जर, स्वतःची थोडी नासाडी धरून, पावणेदोन अँपिअरच्या आसपास घेतो. आणि हॉर्नच्या जोडीवर ८ अँपिअर लिहिलेले असेल, तर एकूण मागणी १३ अँपिअरपर्यंत जाते. हॉर्न क्षणभरच वाजतो, त्यामुळे बॅटरीवर सततचा भार पाच अँपिअरचाच पडतो. वायर आणि मुख्य फ्यूज मात्र १३ धरूनच निवडावे लागतात.

हा भार गाडीला पेलतो की नाही, हे माहितीपत्रकातल्या वॅटच्या आकड्यावरून नीट कळत नाही, कारण तो आकडा इंजिन वेगात असतानाचा असतो आणि माजिवड्याच्या सिग्नलला गाडी मंद गतीवर धडधडत उभी असते. १ एप्रिल २०१७ पासून नव्या दुचाकींचा हेडलाइट इंजिनबरोबरच पेटलेला राहतो, त्यामुळे पूर्वीप्रमाणे दिवसा तो बंद ठेवून वीज वाचवण्याची सोयही उरलेली नाही. म्हणून मल्टिमीटर (व्होल्ट आणि अँपिअर मोजणारे छोटे यंत्र) बॅटरीला लावून पाहावे: इंजिन मध्यम वेगात असताना साधारण १३.८ ते १४.४ व्होल्ट दिसायला हवेत. सर्व उपकरणे चालू केल्यावर याच वेगात आकडा १३ च्या खाली उतरत असेल, तर बॅटरी भरण्याऐवजी रिकामी होऊ लागली आहे असे समजावे आणि एखाद्या उपकरणावर पाणी सोडावे.

फ्यूज उपकरणाचे रक्षण करतो, हा समज सार्वत्रिक आहे, परंतु त्याचे खरे काम वायर वाचवण्याचे आहे. वायरीचे आवरण घासून तांबे फ्रेमला टेकले की बॅटरी क्षणात शेकडो अँपिअर सोडू शकते, आणि तेव्हा फ्यूज आधी वितळला नाही तर वायर तापून पेटते, तीही पेट्रोलच्या टाकीखाली. त्यामुळे फ्यूज उपकरणाच्या मागणीपेक्षा थोडा मोठा, साधारण सव्वापट ते दीडपट, आणि वायरीच्या क्षमतेपेक्षा नेहमीच लहान असावा. वरच्या उदाहरणात दिव्यांना ५, चार्जरला ३ आणि हॉर्नला १० अँपिअरचा फ्यूज पुरतो. पात्याच्या फ्यूजमध्ये ३ चा रंग जांभळा, ५ चा फिकट तपकिरी, १० चा लाल आणि २० चा पिवळा असतो, त्यामुळे अंधारातही टॉर्चच्या उजेडात चूक होत नाही. वारंवार उडणाऱ्या फ्यूजच्या जागी मोठा फ्यूज घालणे म्हणजे दुखणे झाकून ठेवणे होय.

वायर वाहनांसाठीची, बारीक तारांची आणि शुद्ध तांब्याची घ्यावी. ॲल्युमिनियमवर तांब्याचा मुलामा दिलेली स्वस्त वायर खाडीकाठच्या दमट हवेत लवकर गंजते. बॅटरीपासून फ्यूज बॉक्सपर्यंत ४ चौरस मिलिमीटर आणि दिव्यांना १ चौरस मिलिमीटर जाडी योग्य ठरते. दिव्यांपर्यंत दीड मीटर जाऊन तितकेच परत येताना १ चौरस मिलिमीटरच्या वायरीत जेमतेम ०.२ व्होल्ट हरवतात. अर्ध्या जाडीच्या वायरीत त्याच्या दुप्पट. हे सारे सामान मुंबईतल्या लॅमिंग्टन रोडला एकाच फेरीत मिळते.

काम सुरू करताना बॅटरीचे निगेटिव्ह टर्मिनल आधी सोडवावे आणि शेवटी जोडावे. क्रम उलटा केला आणि पॉझिटिव्हवरचा पाना फ्रेमला लागला, तर ठिणगीचा फटाका होतो. मुख्य २० अँपिअरचा फ्यूज पॉझिटिव्ह टर्मिनलपासून वीतभर अंतराच्या आतच बसवावा, कारण त्याच्या आधीच्या वायरीला कोणाचेच संरक्षण नसते.

मुख्य फ्यूजनंतर रिले येतो, म्हणजे आतल्या कॉइलला थोडी वीज मिळाली की मोठा प्रवाह जोडणारा स्विच. चावी बंद केल्यावर सर्व उपकरणे आपोआप बंद व्हावीत, हे त्याचे काम. रिलेच्या ३० क्रमांकाच्या पिनला मुख्य फ्यूजकडून येणारी वायर, ८७ ला फ्यूज बॉक्सकडे जाणारी वायर, ८५ ला अर्थ (बॅटरीच्या निगेटिव्हकडे परतणारी वायर) आणि ८६ ला चावी फिरवल्यावर जिवंत होणारी वायर जोडावी. या शेवटच्या वायरीसाठी मागच्या दिव्याची वायर सोयीची असते, कारण ती सीटखालीच सापडते आणि रिलेच्या कॉइलला जेमतेम १५० ते २०० मिलिअँपिअर लागतात. तरीही तिला छोटा २ अँपिअरचा फ्यूज द्यावा. कॉइल बंद होताना उलट दाबाचा झटका देते, आणि आजच्या गाड्यांत त्याच तारांवर इलेक्ट्रॉनिक्स बसलेले असल्यामुळे ८५ आणि ८६ यांच्यामध्ये वन-एन-४००७ हा डायोड (वीज एकाच दिशेने जाऊ देणारा छोटा भाग), त्याची पांढरी पट्टी ८६ कडे ठेवून, लावणे मी आवश्यक मानतो. हॉर्नच्या जोडीला स्वतःचा वेगळा रिले हवा. मूळ हॉर्नच्या दोन वायरी त्याच्या कॉइलला दिल्या की हँडलवरचे मूळ बटणच कामाला येते. एकामागून एक निरनिराळे सूर काढणाऱ्या हॉर्नला केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधील नियम ११९ नुसार मनाई आहे, त्यामुळे तो मोह टाळावा.

गाडीची मूळ वायर कापू नये, आणि वायरीला चावा घेऊन बसणाऱ्या निळ्या प्लास्टिकच्या क्लिपा तर वापरूच नयेत. त्या आतल्या तारा तोडतात आणि तेथूनच पाणी शिरते. मूळ कपलरशी (वायरी जोडणाऱ्या प्लास्टिकच्या खटक्याशी) जुळणारा नर-मादी जोड मध्ये घालून फाटा काढणे उत्तम. थिंबल डाग देऊन बसवण्यापेक्षा चांगल्या पक्कडीने दाबून बसवावे, कारण कथील वायरीत शोषले जाऊन ती ताठ करते आणि हादऱ्यांनी ती नेमकी त्या कडेला मोडते. दाबलेल्या जोडावर गोंद असलेली आकसणारी नळी चढवावी.

फ्यूज बॉक्सची जागा ठरवताना सीट किती खाली दबते हे तपासण्याचा माझा उपाय स्वयंपाकघरातून आला आहे: कणकेचा गोळा प्लास्टिकमध्ये गुंडाळून त्या जागी ठेवावा, सीट लावून तिच्यावर बसावे आणि गोळा किती चपटा झाला ते पाहावे. बॉक्सच्या अर्थच्या पट्टीवरून ४ चौरस मिलिमीटरची वायर थेट बॅटरीच्या निगेटिव्हला न्यावी. रंगवलेल्या फ्रेमवर अर्थचा भरवसा ठेवू नये. पुढे जाणाऱ्या वायरी मूळ हार्नेसच्या (गाडीच्या वायरींच्या जुडग्याच्या) सोबतीने, सायलेन्सरपासून दूर न्याव्यात आणि हँडल दोन्ही बाजूंना पूर्ण वळवून कोठेही ताण पडत नाही याची खात्री केल्यावरच केबल टाय आवळावेत. उपकरणात शिरण्यापूर्वी वायरीला खाली झोळ द्यावा, म्हणजे पावसाचे पाणी तेथून टपकून जाते.

निगेटिव्ह जोडण्याआधी सर्व लहान फ्यूज काढून ठेवावेत. चावी चालू करून बॉक्सवर वीज येते हे पाहावे आणि मग एकेक फ्यूज घालत उपकरण तपासावे. अखेरीस चावी बंद करून मल्टिमीटर निगेटिव्ह टर्मिनल आणि त्याची वायर यांच्यामध्ये मिलिअँपिअरवर लावावा. ५० मिलिअँपिअरची गळतीही आठवड्याला ८.४ अँपिअर-तास खाते, म्हणजे ९ अँपिअर-तासांची बॅटरी गावाहून परत येईपर्यंत संपलेली असते. जीपीएस ट्रॅकरला कायम वीज लागते, म्हणून त्याचा हिशेब याच वेळी करावा. बॉक्सच्या झाकणाच्या आत कोणता फ्यूज कशाचा हे न पुसणाऱ्या शाईने लिहावे आणि प्रत्येक आकाराचा एकेक जादा फ्यूज तेथेच चिकटवून ठेवावा.