जुन्या मिनीमध्ये मोठी पेट्रोलची टाकी बसवताना

अॅलेक इसिगोनिस यांनी आखलेली आणि ब्रिटिश मोटर कॉर्पोरेशनने ऑगस्ट 1959 मध्ये बाजारात आणलेली मिनी ही छोटी मोटारगाडी ऑक्टोबर 2000 पर्यंत बनत राहिली. एवढ्या वर्षांत तिचा बाह्य आकार फारसा बदलला नाही, त्यामुळे नंतरच्या गाडीचे अनेक सुटे भाग आधीच्या गाडीत बसतात. पेट्रोलची टाकी त्यांपैकीच एक आहे. जुन्या सलून (बंद टपाच्या, साध्या) मिनीच्या डिकीत डाव्या बाजूला साडेपाच गॅलनची, म्हणजे सुमारे 25 लिटरची टाकी असते. नंतरच्या गाड्यांत तिच्या जागी साडेसात गॅलनची, म्हणजे 34 लिटरची टाकी आली. गॅलनला 40 मैल धरले, तर मोठ्या टाकीमुळे दर भरणीमागे 80 मैल जास्त मिळतात. ब्रिटनमध्ये जुनी मिनी सांभाळणाऱ्या आणि तिने लांबचा प्रवास करणाऱ्या माणसाला हा फरक चांगलाच जाणवतो.

दुसरा मार्ग कूपर एसचा, म्हणजे मिनीच्याच वेगवान रूपाचा आहे. 1966 पासून त्या गाडीला उजव्या बाजूलाही साडेपाच गॅलनची टाकी मिळू लागली आणि एकूण साठा 11 गॅलनवर गेला. हे रूप देखणे आहे, यात वाद नाही. परंतु साध्या मिनीत ते आणायचे तर दुसऱ्या टाकीचे तोंड बाहेर काढण्यासाठी उजव्या बाजूचा पत्रा कापावा लागतो आणि दोन्ही टाक्या नळीने जोडाव्या लागतात. शर्यतीची किंवा कूपर एसची हुबेहूब प्रतिकृती करायची नसेल, तर धडधाकट पत्र्याला भोक पाडू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. म्हणून पुढील विवेचन डाव्या बाजूच्या मोठ्या टाकीपुरतेच ठेवले आहे.

खरेदी करताना टाकीबरोबर तिला आवळून धरणारा तिचाच पट्टा, तिचेच सेंडर युनिट (टाकीत किती पेट्रोल आहे ते डॅशबोर्डवरील मीटरला कळवणारा भाग), त्याचे नवे रबरी सील आणि तोंडाभोवतीचे रबरी कडे घ्यावे. टाकी एकटी घेऊन जुन्या टाकीचे सामान तिला चिकटवण्याचा प्रयत्न केला, की कामाचा वेळ दुप्पट होतो आणि गळतीची भीती कायम राहते. 1990 च्या दशकातील इंजेक्शनच्या, म्हणजे कार्ब्युरेटरऐवजी दाबाने पेट्रोल फवारणाऱ्या गाड्यांची टाकी आकाराने सारखी दिसली, तरी पंप तिच्या आतच बसत असल्याने तिचे भोक मोठे असते आणि परतीच्या पेट्रोलसाठी वेगळी नळी असते. कार्ब्युरेटरच्या गाडीसाठी ती टाळावी. नवी टाकी असली तरी बसवण्याआधी तिची भोके बुचांनी बंद करून, तोंडाने फुंकण्याइतकाच हवेचा दाब देऊन, सांध्यांवर साबणाचे पाणी फिरवून पाहावे. बुडबुडा दिसला तर टाकी परत करावी. ही चाचणी फक्त पेट्रोल कधीही न पाहिलेल्या टाकीवर करायची, आणि पेट्रोल राहून गेलेल्या टाकीला वेल्डिंग किंवा ग्राइंडर कधीही लावायचा नाही.

प्रत्यक्ष काम उघड्यावर, इंजिन गार असताना करावे. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असल्यामुळे ती जमिनीलगत पसरते आणि खड्ड्यात साचते, म्हणून गॅरेजमधील खड्ड्यावर गाडी उभी करू नये. मिनीची बॅटरी त्याच डिकीत, तळाच्या खाचेत उजवीकडे असते. अर्थात ठिणगी आणि पेट्रोल एकाच पेटीत नांदत असतात. त्यामुळे पहिले काम बॅटरी सोडवण्याचे. आधी बॉडीला जोडलेली वायर काढावी, आणि ती ऋण टोकाचीच असेल असे गृहीत धरू नये, कारण 1969 पूर्वीच्या बहुतेक गाड्यांत धन टोक बॉडीला जोडलेले असते.

त्यानंतर सुटे चाक बाहेर काढून टाकी रिकामी करावी. काही जुन्या टाक्यांना खालून निचऱ्याचे बूच असते. ते नसेल तर हातपंपाने पेट्रोल झाकण असलेल्या धातूच्या कॅनमध्ये घ्यावे, तोंडाने मुळीच ओढू नये. ब्रिटनमध्ये घरी 30 लिटरपर्यंतच पेट्रोल पूर्वसूचना न देता ठेवता येते, हेही ध्यानात असू द्यावे. मग सेंडरच्या वायरी, खालची पेट्रोलची नळी आणि वरची हवेची बारीक नळी सोडवून पट्ट्याचा बोल्ट सैल करावा. टाकीचे तोंड रबरी कड्यात घट्ट बसलेले असते. त्यावर साबणाचे पाणी सोडून टाकी आतल्या बाजूला हलकेच फिरवत ओढली की ती सुटते. उपटण्याचा प्रयत्न केला तर तोंडाभोवतीचा रंग हमखास उडतो.

टाकी निघाल्यावर जी जागा उघडी पडते, ती निवांतपणे पाहण्यासारखी असते. टाकी ज्यांवर टेकते त्या पट्ट्यांमध्ये वर्षानुवर्षे ओल धरलेली असते आणि तेथील पत्रा पोपडे धरून तपकिरी झालेला आढळतो. स्क्रूड्रायव्हरचे टोक हलकेच टेकवून पाहावे. ते आत रुतले, तर आधी पत्र्याचे काम करावे. त्या आधी पत्र्यापलीकडची जुनी पेट्रोलची नळीही काढून ठेवावी. पत्रा धड असेल, तर घासून, गंजरोधक रंग देऊन पूर्ण वाळू द्यावा आणि पाणी न शोषणाऱ्या रबराच्या पट्ट्या लावाव्यात.

सेंडर टाकीत बसवण्यापूर्वी मल्टिमीटरने तपासावा. फ्लोट (पेट्रोलवर तरंगणारा भाग) खालून वर नेताना प्रतिरोध न तुटता, एकाच दिशेने बदलत गेला पाहिजे. डॅशबोर्डवरील मीटरचा प्रकारही पाहावा: चावी फिरवताच काटा उडी मारत असेल तर तो जुना प्रकार, सावकाश चढत असेल तर नंतरचा. या दोघांचे सेंडर परस्परांना चालत नाहीत. जोडी चुकली, की काटा टाकी अर्धी असताना भरलेली दाखवतो, आणि मोठी टाकी बसवण्याचा हेतूच फसतो.

रबरी नळ्या याच वेळी बदलाव्यात. ब्रिटनमध्ये सप्टेंबर 2021 पासून साधे पेट्रोल 10 टक्के इथेनॉलचे झाले, आणि ते जुन्या रबराला मऊ करते वा चिरा पाडते. इथेनॉल सहन करणारी, आर 9 दर्जाची नळी आणि कडा न बोचणाऱ्या क्लिपा वापराव्यात. भारतात तर पंपावर 20 टक्के इथेनॉलचे पेट्रोल मिळते, त्यामुळे महाराष्ट्रातील जुन्या फियाटच्या मालकांनाही हा खर्च चुकणार नाही. हवेची नळी कुठेही दबू देऊ नये. ती बंद झाली, तर गाडी काही मैल नीट धावते, मग गुदमरून थांबते, आणि झाकण सैल करताच ‘सुस्स’ असा आवाज येतो. कितीतरी लोक अशा वेळी चांगला पंप बदलून बसतात.

टाकी जागेवर ठेवून आधी तोंड कड्यात बसवावे, मग पट्टा आवळावा. पट्टा टाकी हलू नये इतकाच हवा. पत्रा दबेपर्यंत ताणू नये. बॅटरी जोडण्यापूर्वी पाच लिटर पेट्रोल ओतून, प्रत्येक सांध्याखाली कोरडा कागद धरून पाहावे. डाग न पडल्यास बॅटरी जोडून इंजिन सुरू करावे आणि पुन्हा पाहावे. टाकी काठोकाठ भरून वळणावळणाच्या रस्त्यावर फेरी मारल्याखेरीज सेंडरच्या सीलची आणि तोंडाची खरी परीक्षा होत नाही. मोठी टाकी डिकीत थोडी पुढे येते, त्यामुळे डिकीतील फळी असल्यास तिची डावी कड कापावी लागेल. बदलाची माहिती विमा कंपनीला लेखी कळवावी आणि जुनी टाकी पूर्ण रिकामी करून, हवेशीर जागी, बुचे न लावता ठेवावी.